दौलतभाऊंची हरळीची छते

श्री. दौलतराव जुमडे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते खालून. ते शाळेच्या मातीच्या छतावर गुडघे टेकून हरळी लावत होते, आणि मी नेमणुकीचा कागद खिशात घालून, ट्रंक हातात धरून अंगणात उभा होतो. नवे राज्य होऊन दोनेक वर्षे झाली होती, जिल्हा परिषदा नुकत्याच आल्या होत्या, आणि चिखली तालुक्यातल्या या गावी मी खामगावहून मास्तर म्हणून आलो होतो. ज्या हरळीच्या मुळ्या उपटता उपटता आमच्याकडचा शेतकरी म्हातारा होतो, तीच हरळी एक चांगला शहाणासुरता माणूस टोपलीने वर नेतो आहे आणि बोटांनी मातीत दाबतो आहे, हे पाहून मला गावाचीच काळजी वाटली.

"अहो, हे काय लावता?" मी ओरडलो.

"नवे मास्तर का तुमी?" वरून आवाज आला. "ट्रंक सावलीत ठेवा पह्यले. मंग सांगतो."

तेव्हापासून मी त्यांना भाऊ म्हणतो आणि ते मला मास्तर. चैत्रात भाऊ साठ वर्षांचे होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने मला पत्र पाठवून कळवले की त्यांचे कार्य, त्यांची मूल्ये आणि त्यांचा जिव्हाळा यांवर लिहावे, आणि लेख प्रसन्न असावा. पहिल्या तिन्ही गोष्टी मी लिहीन. प्रसन्नतेचे मात्र काही खरे नाही. ज्या छतांसाठी आपण भाऊंचा सत्कार करतो आहोत, त्यातले एकही आज उभे नाही. होती बारा, गेली बाराही. ती का गेली हे मी सांगू शकतो, आणि आजवर सांगितलेले नाही.

आधी कार्य. भाऊ पेशाने गवंडी. तरुणपणी खामगावात जिनांच्या, म्हणजे कापसाच्या कारखान्यांच्या, भिंती बांधल्या, मग गावी परतले. आमच्या भागात मातीच्या सपाट छताची घरे पूर्वीपासून आहेत, त्यांना धाबे म्हणतात. खाली सागाच्या कड्या, त्यावर निंबाच्या काटक्या आणि पाला, आणि वर जुन्या गावठाणातली पांढरी माती. ही माती चिकट असते, उन्हाने फाटत नाही, पाणी आत घेत नाही. पण वैशाखात दिवसभर तापली की संध्याकाळपर्यंत तीही ऊन खाली सोडू लागते. भाऊंना ते खटकायचे. मातीच्या खाली ऊन अडवणारा एक हलका, कोरडा थर हवा आणि मातीच्या वर तिला झाकणारे हिरवे पांघरूण हवे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. मधल्या थरात काय भरावे, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. माणसे याहून लहान प्रश्नांवर मोठी होतात.

त्यांच्याजवळ कसलेही यंत्र नव्हते. त्यांनी शाळेच्या मागे कोंबड्यांच्या खुराड्याएवढ्या पाच खोप्या बांधल्या. एकीच्या छतात ज्वारीचे भूस, दुसरीत राख, तिसरीत कुंभाराची पालथी गाडगी, चौथीत तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, म्हणजे तुराटीच्या, घट्ट पेंढ्या. पाचवीवर नुसता टिनाचा पत्रा. प्रत्येकीत वाटीभर लोणी ठेवले आणि ऐन दुपारी आम्ही दोघे निंबाखाली बसून राहिलो. पत्र्याखालचे लोणी आमची सुपारी कातरून होईपर्यंत पाण्यासारखे झाले. राख आणि भूस त्यामागून हरले. गाडग्यांनी बराच दम धरला. तुराटीखालचा गोळा उन्हे कलली तरी गोळाच होता.

"गाडगेबी वाईट नाई," भाऊ म्हणाले. "पन एक फुटलं तं वरतून समजत नाई. तुराटी गावात कोनाच्याबी वावरात भेटते." मग त्यांनी वाट्या उचलल्या आणि वितळलेले लोणी घरी तूप कढवायला पाठवून दिले.

पहिले छत आमच्या शाळेच्या खोलीवर झाले होते, तेच मी खालून पाहिले होते. लोण्याच्या परीक्षेनंतर त्यांनी ते उकलून मधला थर तुराटीचा केला. पुढच्या उन्हाळ्यात त्या खोलीचा गारवा असा काही पसरला की शिकवणे मला अवघड झाले. गावातले म्हातारे दुपारी काही ना काही निमित्त काढून येत, मागच्या भिंतीला टेकून बसत आणि पाढ्यांच्या तालावर घोरत. एकदा तर कोणाची शेळी भिंतीवरून वर चढली आणि हरळी चरू लागली. डोक्यावर तिचे खूर, खाली माझा भूगोल. मी चिडलो. भाऊ म्हणाले, "चरू द्या. कापाची मेहनत वाचली." आजूबाजूच्या गावांतून बोलावणी येऊ लागली, आणि चार-पाच वर्षांत अकरा शाळाखोल्यांवर भाऊंच्या हातची हिरवी छते झाली.

आता मूल्ये. समितीला या सदराखाली काय अपेक्षित आहे कोण जाणे. मी कोंबड्यांविषयी लिहिणार आहे. छतात भरायचा थर, मग तो कसलाही असो, भाऊ आधी अंगणात पसरत आणि त्यावर कोंबड्या सोडत. त्यांचा नियम साधा होता. कोंबडी चोच मारते याचा अर्थ त्यात दाणा आहे. दाणा आहे तर आज ना उद्या उंदीर येणार, उंदीर आला की बीळ पाडणार, आणि बिळातून पाणी. कोंबड्या इकडेतिकडे उकरून, कंटाळून निघून गेल्या की मगच ते भाऊ वर चढवू देत. एका गावी सरपंच घाईवर आले होते. "जुमडे, आता कोंबड्याइच्या मर्जीनं शाळा बांधाची काय?" असे ते सर्वांसमोर म्हणाले. भाऊंनी मान हलवली. "हाव जी. त्या खोटं बोलत नाईत." त्या दिवशी काम झाले नाही. कोंबड्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी परवानगी दिली.

जिव्हाळ्याचे सांगायचे तर, दुसऱ्या वर्षी मला विषमज्वर झाला. मी भाड्याच्या खोलीत पत्र्याखाली पडून होतो. घरचे खामगावहून येईपर्यंत आठ-दहा दिवस गेले. तेवढे दिवस भाऊ रोज दुपारी शिडी लावून वर चढत, पत्र्यावर पोती अंथरत आणि त्यांवर पाणी शिंपडत राहत. तापात मला पाण्याचा आवाज ऐकू यायचा आणि मला वाटायचे, मी विहिरीत आहे. बरे झाल्यावर मी आभार मानायला गेलो, तर म्हणाले, "टिनाखाली मानूस बरा होत नाई मास्तर, शिजते." त्यांच्या दोन दिवसांच्या मजुरीची कामे त्यात बुडाली होती, हे मला पुष्कळ नंतर कोणीतरी सांगितले.

असा हा माणूस. आता त्याच्याशी मी काय केले ते लिहितो.

आमच्या शाळेला दुसरी खोली मंजूर झाली. तिचे छत हे बारावे. भिंती झाल्या, कड्या चढल्या, निंबाचा पाला झाला, आणि नांदुऱ्याहून भाऊंच्या थोरल्या भावाच्या आजारपणाचा निरोप आला. जाताना ते मला म्हणाले, "मधला थर मी आल्यावर भरू. घाई नोका करजा." आणि इकडे जिल्हा परिषदेच्या कचेरीतून कागद आला की साहेब त्याच आठवड्यात खोली पाहायला येणार. आमचे काम साहेबांच्या पसंतीला उतरले तर पुढच्या सगळ्या शाळाखोल्या याच पद्धतीने बांधायच्या, असे चालले होते. मी तरुण होतो. साहेब येतील तेव्हा छत पुरे झालेले असावे आणि खाली मी उभा असावा, असे मला फार वाटत होते.

गावात तेव्हा वाळकी तुराटी उरली नव्हती, लोकांनी चुलीला लावून टाकली होती. माझे मेहुणे, बहिणीचे यजमान, खामगावच्या एका जिनात होते. जिनात कापूस बियांपासून सोडवून उरलेला मऊ कचरा ढिगाने पडलेला असतो, तो त्यांनी गाडीभर पाठवून दिला. हलका, मऊ, गादीसारखा. मला वाटले, तुराटीपेक्षाही सरस. त्यात जागोजाग सरकी होती, कापसाचे बी. ते मला दिसले नाही असे मी म्हणणार नाही. दिसले होते. अंगणात पसरून कोंबड्या सोडायला हव्या होत्या, तेही आठवले होते. पण दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप यायची होती आणि शाळेच्या अंगणात मास्तर कोंबड्या हाकतो आहे, हे चित्र मला नको होते. मी मजूर लावले, कचरा भरला, वर माती घातली, हरळी लावली. साहेब आले, खूश झाले आणि माझी पाठ थोपटली.

चार दिवसांनी भाऊ परत आले. बंद झालेल्या छताकडे बघत उभे राहिले.

"थर कशाचा भरला मास्तर?"

"तुराटीचा."

"कोंबड्या सोडल्या होत्या?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी पुढे काही विचारले नाही. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. मी मास्तर होतो.

ते छत दोन पावसाळे टिकले. तिसऱ्या पावसाळ्यात, पोळ्याच्या सुट्टीत, खोली रिकामी असताना ते मधोमध खाली आले. उंदरांनी सरकीसाठी आत बोगदे केले होते. त्यांतून पाणी गेले, कचऱ्याने ते सारे पिऊन घेतले, आणि भिजलेल्या गादीचे ओझे कडीला पेलले नाही. सुट्टी नसती तर खाली चाळीस मुले असती. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे रोज मनात वाचतो, आज पहिल्यांदा कागदावर उतरवले.

दुसऱ्या दिवशी गाव जमले, साहेबही आले. भाऊ ढिगाऱ्यात उकिडवे बसले होते. त्यांनी मूठभर काहीतरी उचलले, बोटांनी चोळले आणि मूठ मिटली. साहेबांनी रागाने विचारले, "हे कोणी भरलं?"

मी तोंड उघडले होते. देवाशपथ उघडले होते. पण भाऊ आधी बोलले.

"म्या."

आणि मी तोंड मिटून घेतले.

दोष त्यांच्या नावावर फार सहज चिकटला. बौद्ध वस्तीतला गवंडी, त्यात कोंबड्यांना विचारून काम करणारा. गावाला तेवढे पुरले. काल दुपारी त्यांच्या छताखाली घोरणारे म्हातारेही म्हणू लागले की आम्हाला आधीच शंका होती. साहेबांच्या अहवालात मातीची छते धोक्याची ठरली आणि उरलेली अकराही उतरवून पत्रे टाकावेत असा हुकूम निघाला. ती एकदम उतरली नाहीत. पत्रे येत जातील तसे एकेक, एकेक, दोन वर्षे ते काम चालले होते. त्यातली कित्येक छते इतकी पक्की होती की ती फोडायला मजुरांना टिकाव मारून मारून घाम फुटला. मी त्या काळात काय केले? शिकवले. लग्न केले. बढती घेतली. भाऊंना त्यानंतर कोणी छताचे काम दिले नाही, ते कुंपणाच्या भिंती आणि विहिरींचे कठडे बांधत राहिले.

आज त्या बाराही खोल्यांत चैत्रापासून मुले पत्र्याखाली बसतात. दुपारी पाटीला हात लावला तर चटका बसतो. परवाच पाचवीतली एक मुलगी कविता म्हणता म्हणता खाली बसली. तिच्या तोंडावर पाणी मारले तेव्हा मला त्या पोत्यांची आठवण झाली. हिरवे छत कसे असते हे त्या वर्गातल्या एकाही मुलाने पाहिलेले नाही आणि आता पाहणारही नाही. भाऊंच्या हाताखाली शिकलेले दोन गवंडी वारले, तिसरा स्लॅबच्या कामावर गेला. ही विद्या संपली आहे. मी याला दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

इथपर्यंत लिहून मागच्या आठवड्यात मी हा लेख घेऊन भाऊंकडे गेलो. त्यांच्या स्वतःच्या घरावरही आता मुलाने पत्रे टाकले आहेत. भाऊ दिवसभर बाहेर निंबाखाली बाजेवर असतात, आणि सावली सरकेल तशी बाज सरकवतात. मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवले.

"कोंबड्याइचं लिव्हलं, ते बरं केलं," वाचून झाल्यावर ते म्हणाले.

"भाऊ, तुम्हाला आज हे कळलं—"

"आज काऊन? सरकी मले त्याच दिशी दिसली होती. मुठीत होती माह्या."

"मग साहेबांसमोर 'म्या' का म्हणालात?"

"तुमची नवकरी गेली असती. लगन ठरलं होतं तुमचं. म्हटलं, गावासमोर नोको. मास्तर शिकेल मानूस हाये. घरी जाईन, इचार करन, अन् दोन-चार दिवसानं आपल्या मनानं कचेरीत जाऊन सांगन. खोट छतात नोती, थरात होती. येवढंच तं सांगाचं होतं."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

ते हसले. त्या हसण्यात राग असता तर मला बरे वाटले असते. "माह्या तोंडचा तो बहाना झाला असता मास्तर. तुमच्या तोंडचं खरं झालं असतं."

बाजेवर ऊन आले होते. मी उठून बाज सरकवायला गेलो, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"दोन पावसाळे वाट पाह्यली म्या तुमची," ते म्हणाले. "तिकडं एकेक छत उतरवून राह्यले होते, अन् मी वाट पाहून राह्यलो होतो. शेवटचं उतरलं, मंग सोडली."

त्यांनी हात काढल्यावर मी बाज सावलीत ओढली. मग मी विचारले, हे छापू का? ते म्हणाले, "छापा. आता कोनतं छत पडाचं राह्यलं."

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने मी बुलढाण्याला कचेरीत गेलो. जे तेव्हा सांगायचे होते ते सगळे लिहून, सही करून नेले होते. ते साहेब केव्हाच बदलून गेले आहेत. टेबलावरच्या कारकुनाने माझा कागद दोनदा वाचला. तो भला माणूस होता. त्याने शाळाखोल्यांचा छापील तक्ता काढून माझ्यापुढे धरला. त्यात पत्रे होते, कौले होती, स्लॅब होता. "मातीचं छत असा रकानाच नाही गुरुजी," तो म्हणाला, "हे मी लावू कुठं?" मी कागद परत घेऊन आलो. तो या लेखाला जोडला आहे, समितीने छापला तर छापावा.

सत्काराचा समारंभ आमच्या शाळेच्या त्याच दुसऱ्या खोलीत, दुपारी तीन वाजता ठेवला आहे. भाऊंना शाल देणार आहेत. चैत्रात, पत्र्याखाली, शाल. निमंत्रण मी वाचून दाखवले तेव्हा त्यांनी स्वतःसाठी काही मागितले नाही. एवढेच म्हणाले, "कमिटीले म्हना, कार्यक्रम सकाळी ठेवा. टिनाखाली लोकाईले तरास होईन." समितीने या विनंतीचा विचार करावा, असे मी इथेच कळवतो.

अशा लेखाच्या शेवटी शतायुषी व्हा असे म्हणण्याची रीत आहे. ज्यांच्या हातचे एकही छत उरले नाही अशा माणसाला आणखी चाळीस वर्षे मागताना माझा हात अडखळतो. तरी मागतो. दौलतभाऊंना उदंड आयुष्य मिळो, डोळ्यांवरचा पडदा जावो, हातपाय चालते राहोत, आणि दुपारी बाजेवर पुरेल एवढी सावली त्यांना शेवटपर्यंत असो. त्या सगळ्या वर्षांत त्यांना पुन्हा कधी माझ्यासारख्याची वाट पाहावी लागू नये.